उजळाईवाडी ते होटगी रोड, कापडी पंखांवर

कोल्हापूरहून सोलापूरला जायचं म्हणजे तो दिवस कामातून गेला, असं आमच्याकडे धरून चालतात. एसटीनं जा, नाहीतर मिरजेला उतरून पंढरपूरवरून रखडत जाणारी ती छोटी गाडी धरा आणि कुर्डुवाडीला मोठ्या गाडीची वाट बघत बसा. अंग आंबायचं ते आंबतंच. माझी थोरली बहीण सोलापुरात दिलेली असल्यामुळे हे सगळे हाल मी वर्षानुवर्षं काढले आहेत. त्यामुळे ‘नाना, पावणेदोन तासांत पोचू’ असं माझ्या लेकीनं सांगितलं, तेव्हा मी चक्क हसलो. ती हसली नाही.

लेक म्हणजे गिरिजा, माझं एकुलतं एक अपत्य. उजळाईवाडीच्या धावपट्टीवर तेव्हा विमान चालवायला शिकवणारा एक लहानसा क्लब होता. कॉलेजात असताना तिनं तिथं नाव घातलं. पोरगी महिनाभरात कंटाळेल अशा हिशेबानं मी सही दिली आणि फसलो. तिनं पहिलं लायसन मिळवलं. आता तिला पुढचं, म्हणजे विमानावर नोकरी देणारं लायसन हवं होतं आणि त्यासाठी मुंबईला जाऊन राहायला हवं होतं. तिची आई ती लहान असतानाच गेली. त्यानंतरची काही वर्षं ती सोलापूरला माझ्या बहिणीच्या, आक्काच्या हाताखाली वाढली. त्यामुळे आमच्या घरात मोठा निर्णय म्हटला की दोन माणसांचा होकार लागतो, आक्काचा आणि माझा.

गिरिजानं सरळ सौदा मांडला. ‘तुम्ही एकदा माझ्या शेजारी बसा. आपण आत्याकडे जाऊन येऊ. इथं परत उतरलो की हो किंवा नाही सांगा. नाही म्हणालात तर मी पुन्हा विषय काढणार नाही.’

सौदा रास्त होता. मी कबूल झालो. मात्र खरं सांगायचं तर मनातल्या मनात नकार पक्का करूनच मी त्या विमानात बसलो. आई नसलेली एकच पोर, तिला आभाळात कोण सोडील?

नवरात्रातली सप्तमी होती. सकाळी विमान जवळून बघितलं. दोनच माणसांचं विमान, एकाला एक खेटून बसायचं. मी छोटा कारखानदार, लेथवर आयुष्य काढलेला माणूस, माझा विश्वास लोखंडावर. सहज पंखावर टिचकी मारली तर डफासारखा आवाज आला.

‘हे पत्र्याचं नाही?’

‘कापड आहे नाना. वरून लेप दिलेला असतो.’

पुढचा धक्का गुळाचा. आक्कासाठी मी आख्खी ढेप बांधून घेतली होती. गिरिजानं ती उचलून बघितली आणि क्लबच्या ऑफिसात ठेवून आली. वजन जास्त होतं म्हणे. कोल्हापूरचा माणूस बहिणीकडे गुळाशिवाय जातोय, हे माझ्या घराण्यात पहिल्यांदाच घडत होतं. शेवटी भांडून एक मूठभर खडा रुमालात बांधून घेतला.

मग तिनं विमानाभोवती एक फेरी मारली. चाकं हलवून बघितली, पंखांच्या बिजागऱ्या बोटांनी चाचपल्या, तेल बघितलं, पेट्रोल बघितलं. डाव्या पंखाखाली करंगळीएवढी एक नळी पुढं तोंड करून उभी होती. तिच्यावरची लाल टोपी काढून तिनं खिशात टाकली. ही नळी कशाला, असं मी विचारलं. ‘समोरचा वारा तिच्यात शिरतो आणि आतल्या काट्याला सांगतो, आपण किती वेगात आहोत. वेग फार कमी झाला तर विमान तरंगत नाही, पडतं,’ ती म्हणाली. ‘पडतं’ हा शब्द तिनं इतक्या सहज उच्चारला की मला तिचा राग आला.

विमान सुटलं तेव्हा मी डोळे मिटले होते, हे कबूल करतो. उघडले तेव्हा पंचगंगा मागं पडली होती आणि खाली उसाची हिरवी रानं पसरली होती. त्यात गुऱ्हाळांच्या जागा, एखादी बैलगाडी, आणि आमच्याच विमानाची इवलीशी सावली. भीती कधी गेली ते मला कळलंही नाही. मी खिडकीला नाक लावून बसलो.

‘सोलापूर किती लांब आहे म्हणालीस?’ इंजिनाच्या आवाजावर मी ओरडून विचारलं.

‘दोनशे किलोमीटरच्या थोडं वर.’

‘एसटीला तर कितीतरी जास्त भरतं!’

‘एसटी वळणं घेते नाना. आपण घेत नाही.’

तिच्या मांडीवर नकाशा होता आणि त्यावर पेन्सिलीनं ओढलेली एक सरळ रेघ. मिरजेचे रूळ आले, कृष्णा आली. तिथून पुढं अर्ध्या तासात देशाचा रंगच बदलला. हिरवं ओसरलं, माळ लागले, मग माण नदीची वाळू. एसटीत बसून हा प्रदेश मला नेहमी धुळीचा वाटत आला होता. वरून बघितला तर मंगळवेढ्याचं काळं रान असं काही चमकत होतं की बघत राहावं. ज्वारीच्या पेरण्या चालू होत्या, नांगरटीच्या रेघा लांबच लांब गेल्या होत्या. त्यानंतर भीमेचं मोठं वळण, आणि शेवटी क्षितिजावर गिरण्यांची धुराडी दिसली.

‘आलं सोलापूर,’ गिरिजा म्हणाली.

खरंच पावणेदोन तास झाले नव्हते.

उतरण्याआधी तिनं गावावरून एक चक्कर मारली. सिद्धेश्वराचं देऊळ तळ्यात बसलेलं दिसलं आणि माझे हात आपोआप जोडले गेले. मला वाटलं, ही चक्कर देवदर्शनासाठी असावी. तसं नव्हतं. होटगी रोडच्या धावपट्टीला एकच चौकीदार होता. वर घरघर ऐकू आली की तो सायकल मारत येऊन पट्टीवरच्या शेळ्या हाकलायचा. त्याला तेवढा वेळ देणं हा इथला रिवाज होता. आम्ही दुसऱ्यांदा आलो तेव्हा खाली एक माणूस हातातला टॉवेल फिरवत धावत होता आणि त्याच्या पुढं शेळ्या धावत होत्या.

कुंपणापाशी टांगा उभा होता आणि टांग्यात आक्का.

‘कवापासनं बसलीस?’ मी विचारलं.

‘दिवस उगवल्यापासनं. इमान ते, निघालं की पोचलंच आसल म्हटलं. लई येळ लावलासा की रं तम्मा.’ (तम्मा म्हणजे धाकटा भाऊ. आक्काचं सासर अक्कलकोटकडचं. मायेचे शब्द ती कानडीत बोलते आणि हिशेबाचे मराठीत.)

भाचीला पोटाशी धरून झाल्यावर ती विमानाकडे वळली. तिच्या नवऱ्याचा चादरींचा व्यापार होता, तो गेल्यावर तिनंच दुकान चालवलं. तिनं पंखावर तळहात फिरवला, नखानं कड चाचपली.

‘अगं बाई! ह्ये तर कापाड हाय!’

‘कापडच असतं आत्या.’

‘किती नंबरचं सूत?’

‘ते काही मला माहीत नाही.’

‘ज्याच्या जिवावर वर जातीस त्येचं सूत म्हाईत न्हाय व्हय तुला?’ आक्का म्हणाली आणि टांग्यात जाऊन बसली. मग गिरिजानंही नखानं पंखाची कड चाचपून बघितली.

मला सोलापूर आवडतं. ह्या गावाला नटण्यामुरडण्याची हौस नाही. ऊन कडक, भाकरी कडक, बोलणंही कडक, आणि आत मात्र सगळा गूळ. टांगा पूर्व भागातल्या गल्ल्यांमधून निघाला तेव्हा दोन्ही बाजूंनी मागांची खटखट चालू होती. दारादारांत रंगवलेल्या सुताच्या लडी वाळत होत्या. लाल, निळ्या, गडद हिरव्या. उंबऱ्यावर बसून बायका तेलुगूत गप्पा मारत कांड्यांवर सूत भरत होत्या. त्यातल्या एकीनं आक्काला हाक मारून काहीतरी विचारलं. आक्कानं बोट आभाळाकडं केलं, मग गिरिजाकडं. बाई उठून उभी राहिली, गिरिजाजवळ आली, तिच्या गालावरून हात फिरवून स्वतःच्या कानशिलावर बोटं मोडली आणि परत कांडी भरायला बसली.

दुपारी आक्काच्या घरी जेवणाचा थाट होता. पापडासारखी मोडणारी ज्वारीची कडक भाकरी, शेंगांची चटणी आणि तिच्यावर तेलाची धार, एण्णगाई (भरली वांगी), आणि शेवटी हुग्गी (खपली गव्हाची खीर). हुग्गीत गूळ माझ्या रुमालातला घातला होता. एवढासा खडा बघून आक्का म्हणाली, ‘इमानानं आलासा म्हनून एवढाच? पुढच्या बारीला एसटीनं ये.’

दुसऱ्या दिवशी संध्याकाळी आम्ही तळ्याच्या काठावर बसलो असताना गिरिजानं विषय काढला. आक्कानं सगळं ऐकून घेतलं.  मग विचारलं,

‘पडतं का गं ते?’

‘चुकलं तर पडतं.’

‘आन् तू चुकत न्हाईस?’

‘चुकते की. म्हणून तर दर वेळी वर जायच्या आधी सगळीकडून फिरून बघते. हात लावून बघते.’

 मला खात्री होती की ती नको म्हणणार. मग मला वाईटपणा घ्यावा लागणार नव्हता. मी मनातून तिच्या नकाराचीच वाट बघत होतो.

‘मंग जा,’ आक्का म्हणाली. ‘चुकत न्हाई म्हनाली आसतीस तर सोडलं नसतं. पन उद्या खंडेनवमी हाय. मिशिन पुजल्याबिगर चालवायची न्हाय. पूजा माज्या हातनं हुईल.’

गिरिजानं तिच्या मांडीवर डोकं ठेवलं. माझी मोठीच अडचण झाली. आता नकार द्यायला मी एकटाच उरलो होतो.

नवमीच्या सकाळी जाग आली ती शांततेनं. सोलापुरात एवढी शांतता मी कधी ऐकली नव्हती. सगळे माग बंद होते. टांग्यातून जाताना उघड्या दारांतून दिसत होतं की माग धुऊनपुसून ठेवलेत, त्यांना झेंडूच्या माळा घातल्यात, धोट्यांना, म्हणजे आडवं सूत घेऊन धावणाऱ्या त्या लाकडी होड्यांना, हळदकुंकू लावलंय. वर्षभर राबणाऱ्या यंत्राला एक दिवस माणसासारखं बसवून त्याच्या पाया पडायचं, ही आपल्याकडची रीत मला फार भावते. माझ्या कारखान्यातही संध्याकाळी लेथची पूजा व्हायची होती आणि त्यासाठीच आम्हाला दुपारच्या आत परतायचं होतं.

धावपट्टीवर गिरिजानं आपली फेरी मारून घेतली, नळीवरची टोपी काढली, आणि चौकीदाराला घेऊन पट्टीवरचे खड्डे आणि शेळ्या बघायला दूरवर चालत गेली. आक्कानं ताट काढलं. विभूती, कुंकू, झेंडूचा हार, लिंबं, नारळ, उदबत्त्या. मी नारळ फोडायला दगड शोधू लागलो. विमानतळाचं एक दुखणं असतं, तिथं दगड सापडत नाही. शेवटी पार कुंपणापर्यंत गेलो. नारळ फोडून परत आलो तोवर आक्काची पूजा आटोपत आली होती. पुढच्या पंख्याला हार, चाकांखाली लिंबं, आणि नाकावर, पंखांवर, शेपटावर जिथं जागा मिळाली तिथं ओल्या विभूतीचे तीन-तीन पट्टे. त्या कापडी विमानाला इतकं देखणं रूप आलं होतं की मीही नमस्कार केला.

गिरिजानं परत आल्यावर हसत हसत हार उतरवून आक्काच्या हातात दिला, लिंबं बाजूला केली, आणि वाकून पाया पडली.

‘होगी बा,’ आक्का म्हणाली. (जाऊन ये. कानडीतही नुसतं ‘जा’ म्हणत नाहीत.) तिचे डोळे भरले होते. माझेही भरले होते, पण मी ते वाऱ्यावर ढकललं.

येताना मी प्रवासी होतो, जाताना न्यायाधीश. नकार कुठल्या शब्दांत द्यायचा ह्याची मी जुळवाजुळव करत होतो. भीमा ओलांडली. विमान वर वर चढत होतं. गिरिजानं समोरच्या एका तबकडीच्या काचेवर टिचकी मारली. थोड्या वेळानं पुन्हा मारली. मग घड्याळ बघितलं, खाली बघितलं, नकाशावर बोट ठेवलं.

‘काय झालं?’

 तिचे ओठ कोरडे पडलेले दिसले.

‘वेगाचा काटा खोटं बोलतोय,’ ती म्हणाली. ‘जसजसं वर जातोय तसतसा वेग वाढलेला दाखवतोय. एवढ्या वेगानं हे विमान जाऊच शकत नाही. नळी बंद झालीय, आत कोंडलेली हवा वरच्या विरळ हवेत काट्याला फसवतेय.’

‘मग?’

‘मग त्याच्याकडं बघायचं नाही.’

तिनं रुमाल काढला आणि त्या तबकडीवर खोचून ती झाकून टाकली. ‘उघडी राहिली तर डोळे तिकडंच जाणार,’ म्हणाली. परत सोलापूरला का जात नाहीस, असं मी विचारलं. तिचा विचार झालेला होता. कुठंही गेलो तरी काट्याशिवायच उतरायचं होतं. उजळाईवाडीची पट्टी तिच्या पायाखालची होती आणि चुकलंच तर मदतीला तिथं माणसं होती. तिचं बरोबर होतं. तरीही सांगतो, त्या क्षणी मी तिला एसटीत बसवून घरी न्यायला काहीही दिलं असतं.

त्यानंतरचा तासभर मी जन्मात विसरणार नाही. दोन गावांमधलं अंतर तिला पाठ होतं, आणि त्या अंतरातलं प्रत्येक ठिकाणसुद्धा. मंगळवेढा आलं की ती घड्याळ बघायची. माण नदी आली की पुन्हा. ह्या खुणेपासून त्या खुणेपर्यंत इतके किलोमीटर, त्याला इतकी मिनिटं, म्हणजे वेग इतका. तोंडातल्या तोंडात ती भागाकार करत होती. लहानपणी आक्काच्या दुकानात मांडी घालून ती असेच हिशेब करायची.

‘नाना, तुम्हाला एक काम देते,’ मिरज मागं पडल्यावर ती म्हणाली. ‘हा दुसरा काटा इंजिनाच्या फेऱ्यांचा आहे. तो खरा आहे. उतरताना मला खाली बघावं लागेल. तुम्ही आकडा मोठ्यानं वाचत राहायचं. काही झालं तरी थांबायचं नाही.’

मी वाचू लागलो.  नाक किती खाली, इंजिन किती फेऱ्यांवर, म्हणजे वेग साधारण किती, हे तिला सवयीनं माहीत होतं. पंचगंगा दिसली. पट्टी दिसली. मी आकडे म्हणत होतो आणि ती दर आकड्याला ‘हं’ म्हणत होती. मला फक्त तिचा ‘हं’ ऐकू येत होता. खाली जमीन मोठी होत होती. तिनं वेग जरा जास्तच ठेवला होता, त्यामुळे पट्टीवर आम्ही बराच वेळ टेकलोच नाही, नुसतेच पुढं जात राहिलो. कुंपण जवळ येऊ लागलं. मग चाकं लागली, उसळली, परत लागली आणि चिकटली. विमान थांबलं तरी मी आकडे वाचतच होतो.

‘बास नाना,’ ती म्हणाली.

उतरल्यावर ती थेट पंखाखाली गेली. केसातली पिन काढून तिनं त्या नळीत घातली. वाळून चुन्यासारखी घट्ट झालेली विभूती खरवडून निघाली आणि तिच्या मागून उदबत्तीच्या काडीचा तुकडा. माझ्या सगळं लक्षात आलं. एरवी उदबत्ती केळात खोचतात. केळं नव्हतं, वारा होता, आणि पंखाच्या आडोशाला हात पोचेल अशा उंचीवर नेमकं एक भोक. आक्काला वाटलं असणार, विमानवाल्यांनी सोय करूनच ठेवलीय. निघताना तिनं काडी ओढली, ती मोडली, वर तिनं मायेनं विभूतीचं गंध लावलं. उडताना ते ओलं होतं म्हणून काटा हलला. वर गेल्यावर वाळलं.

मला हसू फुटलं. जीव वाचल्याचं हसू, आवरेना. गिरिजा हसली नाही. ती पंखाखाली गवतात बसून काडीचा तो तुकडा बघत होती.

‘पूजा झाल्यावर मी परत फेरी मारायला हवी होती,’ ती म्हणाली. ‘परक्या माणसानं हात लावला असता तर मारली असती. आत्या होती म्हणून मारली नाही. तळ्यावर मी तिला काय सांगितलं, आणि सकाळी काय केलं? तुम्ही शेजारी होता नाना.’

गवतात पडलेली पिन मी उचलून तिच्या हातात दिली.

‘तुम्ही नाही म्हणायच्या आधी मीच सांगते. नको मुंबई. माझं काम नव्हे ते.’

मला पाहिजे होतं तेच तिनं माझ्या पदरात टाकलं होतं. ना वाईटपणा, ना वाद. फक्त गप्प बसायचं आणि तिला घेऊन घरी जायचं. ती घरात राहील, कारखान्याचे हिशेब बघेल, चांगलं स्थळ येईल. मी तिच्याकडं बघत उभा राहिलो आणि मला ते नको झालं. काट्यावर रुमाल टाकणारी ती मघाची गिरिजा मला पाहिजे होती. ही खाली मान घातलेली मला ओळखीची नव्हती. असा अभिमान मला तिच्या कुठल्याही परीक्षेच्या वेळी वाटला नव्हता, आणि नेमक्या त्याच दिवशी ती स्वतःला नापास करून बसली होती.

‘पेट्रोल उरलंय का?’ मी विचारलं.

‘आहे थोडं. का?’

‘एक चक्कर मारायचीय. कोल्हापूरवरून.’

‘आत्ता?’

‘आत्ताच. घरी गेल्यावर तू परत यायची नाहीस. मी लेथवर बोट कापून घेतलं होतं तेव्हा वस्तादानं पट्टी बांधून मला परत त्याच लेथवर उभं केलं. त्या वेळी मला त्याचा राग आला होता.’

‘नाना, तुम्ही खाली थांबा. मी एकटी जाते.’

‘सौदा असा नव्हता. सौदा शेजारी बसायचा होता.’

तिनं माझ्याकडं निरखून बघितलं. मी चढलो आणि आपल्या जागेवर बसलो.  सोलापूरला जाताना तिनं मला बसवलं होतं, येताना बसण्यावाचून इलाज नव्हता. आता मी आपल्या पायांनी आलो होतो. दोनशे किलोमीटर जाऊन आणि तेवढेच परत येऊन मला एवढंच समजलं की लेकीला धरून ठेवणं हे माझं काम संपलं आहे आणि मला त्याचं दुःख होतंय. दुःख झालं तरी काम संपायचं ते संपतंच.

काचेतून ती दिसत होती. तिनं पुन्हा पहिल्यापासून सुरुवात केली. चाकं, बिजागऱ्या, तेल, पेट्रोल. नळीत तिनं दोनदा पिन घालून बघितली, वाकून आरपार बघितलं, हवा फुंकली. पंखावरचे विभूतीचे पट्टे मात्र पुसले नाहीत. कितीतरी वेळ लावला तिनं. मी एकदाही घाई केली नाही.

मग ती आत आली, दार ओढून घेतलं आणि समोर बघतच विचारलं,

‘नाना, पट्टा?’

‘बांधलाय,’ मी म्हणालो. ‘चल.’